विश्लेषण : निगेटिव्हवरच्या चौकटीची कड वाकलेली का दिसते? फिल्म सपाट ठेवण्यासाठी ‘कोडॅक’च्या ईस्टमन यांनी काय केले?

कपाटातली जुनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडासमोर धरून मोबाइलने तिचा फोटो काढला, की एक गोष्ट खटकते. प्रत्येक चित्राची कड सरळ नसते. मध्यावर किंचित आत किंवा बाहेर झुकलेली असते. बहुतेक जण दोष जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाला देतात. पण या वळणाचे मूळ भिंगात नाही, फिल्मच्या लवचीकपणात आहे. आणि छायाचित्रणाला हा लवचीकपणा घरोघरी पोहोचवणारे जॉर्ज ईस्टमन हे मुळात बँकेतले कारकून होते.

काचेचे ओझे

ईस्टमन यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी न्यू यॉर्क राज्यातील वॉटरव्हिल येथे झाला. १८६२ मध्ये वडील वारले. आई मारिया यांनी रॉचेस्टरमधल्या घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. जॉर्ज यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि विमा कंपनीत आठवड्याला ३ डॉलरवर हरकाम्याची नोकरी धरली. १८७४ मध्ये ते रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाले.

वयाच्या २४ व्या वर्षी त्यांनी सांतो दोमिंगोला सहलीला जायचे ठरवले आणि फोटोसाठी कॅमेरा घेतला. कॅमेऱ्यासोबत तिवई, तंबू, रसायने, काचा आणि पाण्याचे भांडे असा अख्खा संसारच आला. त्या काळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढावा लागे. सहल राहून गेली, पण हे ओझे कमी कसे करायचे हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. इंग्लंडमधल्या मासिकांत जिलेटिनच्या कोरड्या काचांची माहिती वाचून ते बँकेतून आल्यावर रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग करू लागले. १८८० मध्ये त्यांनी कोरड्या काचा बनवून विकायला सुरुवात केली.

काच जड आणि फुटकी, पण तिचा एक गुण मोठा होता. ती वाकत नसे.

पहिल्या कोडॅकचा फोटो गोल का?

ईस्टमन यांना काच नकोच होती. १८८५ मध्ये विल्यम वॉकर यांच्यासोबत त्यांनी कागदाची गुंडाळी बसणारा रोल होल्डर बाजारात आणला. १८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा आला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची गुंडाळी. फोटो संपले की १० डॉलरसह कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिथे फोटो तयार होत आणि कॅमेऱ्यात नवी गुंडाळी भरली जाई.

हे फोटो चक्क गोल होते, सुमारे अडीच इंच व्यासाचे. त्या साध्या भिंगाचे चित्र मधे स्पष्ट आणि कोपऱ्यांकडे कमकुवत येई, म्हणून कोपरेच गाळले. कॅमेऱ्याला नेम धरायची काचही नव्हती. गोल फोटोत कॅमेरा तिरका धरल्याचे तितकेसे कळत नसे. पुढे १८८९ मध्ये कागदाऐवजी पारदर्शक सेल्युलॉइड आले.

या यशाला एक काळी बाजूही आहे. हॅनिबल गुडविन या धर्मोपदेशकाने तशाच फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. ते त्यांना १८९८ मध्ये मिळाले. गुडविन यांच्या मृत्यूनंतर खटला चालला आणि १९१४ मध्ये कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले.

मग कड वाकते कशी?

फिल्मचे दोन मुख्य थर असतात : प्लॅस्टिकसारखा आधार आणि त्यावर जिलेटिन. जिलेटिन ओलाव्याने फुगते, वाळले की आकसते. आधार तितका आकसत नाही. एका बाजूला खळ लावलेला कागद वाळताना वळतो, तशीच फिल्मही वळते. १९०३ मध्ये ईस्टमन यांच्या कंपनीने न वळणारी फिल्म आणली. युक्ती साधी होती. पाठीमागेही जिलेटिनचा थर दिला, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ. वळण बरेच आटोक्यात आले, पण पुरते गेले नाही.

कॅमेऱ्यात फिल्म एका चौकोनी खिडकीमागे बसते. निगेटिव्हवर दिसणारी कड म्हणजे या खिडकीच्या काठाची सावली. ती भिंगातून उमटत नाही, त्यामुळे भिंगाचा दोष तिला लागू होत नाही. भिंगातून येणारा प्रकाश मात्र काठाकडे तिरका पडतो. फिल्म खिडकीला टेकलेली असेल तिथे सावली काठाशीच पडते. फिल्म जरा मागे असेल तिथे तिरका प्रकाश थोडा पुढे पसरतो आणि कड बाहेर सरकते. मागची दाबपट्टी फिल्म सपाट धरते, तरी थोडा फुगवटा उरलाच तर सरळ काठाची सावली कमानीसारखी पडते. वाइड अँगल भिंगात काठाकडचे किरण अधिक तिरके असतील, तर हा फरक वाढतो.

अर्थात, हातातल्या निगेटिव्हचे वळण वेगळेही असू शकते. धुऊन वाळलेली पट्टी पुन्हा वळते आणि मोबाइल जवळून धरला की त्याचे भिंगही रेषा वाकवते. म्हणून पट्टी दोन स्वच्छ काचांमध्ये दाबावी, मोबाइल थोडा लांब धरावा आणि चित्र मोठे करून पाहावे. कड सरळ झाली तर वळण पट्टीचे किंवा मोबाइलचे होते. तरीही वाकडीच राहिली, तर ती फोटो काढतानाच तशी उमटली आहे. कंटाळा करू नये, दोन मिनिटांचे काम आहे.

१९०० मध्ये आलेल्या १ डॉलरच्या ब्राऊनी कॅमेऱ्याने छायाचित्रण शाळकरी मुलांच्या हातात दिले. ईस्टमन यांनी लग्न केले नाही. संपत्तीतील १० कोटी डॉलरहून अधिक त्यांनी दान केले; एमआयटीला तर आधी ‘मिस्टर स्मिथ’ या नावाने. उतारवयात मणक्याच्या आजाराने त्यांना उभे राहणे, चालणे कठीण झाले. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्यांनी रॉचेस्टरमधील घरी स्वतःच जीवन संपवले. त्याच घरात १९४९ पासून छायाचित्रणाचे संग्रहालय आहे.