खडकीच्या लढाईत वडील गमावलेला तरुण पुण्याचा वस्ताद कसा झाला?

दांडपट्टा शिकवणारे पुण्यात पुष्कळ होते. पण खरी लढाई पाहिलेला माणूस शिकवायला उभा राहिला की काय फरक पडतो, हे बघायचं तर लहुजी राघोजी साळवे यांच्याकडे बघावं लागतं.

जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याचं पेठ गाव. मातंग समाजातलं लढवय्यं घराणं. शस्त्रं घरातच शिकायला मिळाली, वडील राघोजींकडून.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीचं मैदान. समोर इंग्रजांची साधारण २,८०० ची फौज, मराठ्यांची त्याच्या कितीतरी पट. तरी आपण हरलो. बापू गोखल्यांचं घोडदळ सुसाट निघालं आणि वाटेतल्या दलदलीत घोडे फसले, वरून बंदुकांचा मारा. राघोजी तिथेच पडले. बापलेक या लढाईत सोबत होते असं सांगतात. लहुजी तेव्हा तेविशीचे.

पुढे पेशवाई गेली. शिपाईगडी बेकार झाले, हत्यारं धूळ खात पडली. लहुजींनी मात्र पुण्यात तालीम काढली. वर्ष १८२२ दिलं जातं. लग्न केलं नाही, तालीम हाच संसार.

आता गंमत बघा. तालीम म्हटलं की आपल्याला जोर-बैठका आणि लाल माती आठवते. लहुजींच्या तालमीत दांडपट्टा, तलवार तर होतीच, पण निशाणबाजीही होती. याचं उत्तर आम्हाला तरी खडकीतच दिसतं. नुसत्या पट्ट्याच्या हातांनी बंदूक थांबत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं.

शिष्य कोण? जोतीराव फुले. दांडपट्टा आणि गोळी मारणं आपण लहुजींकडे शिकलो, हे फुल्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. वासुदेव बळवंत फडक्यांचं नावही या तालमीशी जोडलं जातं. ज्या पुण्यात अस्पृश्याची सावलीही चालत नव्हती, तिथे इतर जातींची पोरं मातंग वस्तादाच्या पाया पडून पट्टा हातात घेत होती. हे आपल्या शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही, हे खटकतंच.

फुल्यांनी शाळा काढल्या तेव्हा वस्तादांनी वस्तीतली मुलं तिकडे धाडली. १८५५ मध्ये ज्ञानोदयात जिचा निबंध छापून आला ती मुक्ता साळवे याच घराण्यातली मानली जाते.

१८७९ मध्ये फडक्यांनी बंड केलं, पकडले गेले, एडनला गेले. लहुजी १७ फेब्रुवारी १८८१ ला वारले, फडके १७ फेब्रुवारी १८८३ ला. तारीख तीच. लहुजींची समाधी संगमवाडीत आहे, गंज पेठेत त्यांच्या नावाची तालीम आजही दाखवतात.