शब्दाला जागलेली पंडिता

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. चौदा जणींपैकी पाच जणी आल्याच नाहीत. कुणाकडे पाहुणे, कुणाचं शेतात काम. कर्जाचा ठराव मात्र त्याच दिवशी व्हायला हवा होता. मग काय, रजिस्टरवर सगळ्यांची हजेरी लागली. सचिव म्हणून खाली सही माझी. त्यात काय एवढं, असं सगळ्याच म्हणाल्या, चहा झाला, घरी आले. पण रात्री अंथरुणावर पडले तरी ती सही काही डोळ्यांपुढून जाईना.

अशा वेळी मला हमखास आठवतात त्या पंडिता रमाबाई. लहानपणी आमच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्यांच्या घरात भिंतीवर रमाबाईंचा फोटो होता. पांढरं लुगडं, कापलेले केस, शांत चेहरा. मला वाटायचं, या मावशींच्या आजीच असाव्यात! रमाबाई कोण, हे मला त्या मावशींनीच सांगितलं. पुढे मी मिळेल ते वाचत गेले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींचा राग पत्करावा लागला. पुढे आईनंच रमेला शिकवलं. हे कुटुंब तीर्थातीर्थांतून पायी फिरायचं, पुराणं सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. भीक मागायची नाही आणि कर्ज काढायचं नाही, हा घरचा बाणा. मग दुष्काळ आला. आई, वडील आणि थोरली बहीण, थोड्या थोड्या काळानं तिघंही गेली. राहिली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी चालत राहिली.

१८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. या वीस वर्षांच्या मुलीला हजारो श्लोक तोंडपाठ! तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. संसार दोन वर्षंही टिकला नाही. १८८२ मध्ये पतीला कॉलऱ्यानं नेलं. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या. तिथे आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर कमिशनपुढे, बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं.

१८८३ मध्ये त्या डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यानं वैद्यकीय शिक्षण राहूनच गेलं. वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्याच मठाच्या लंडनमधल्या फुलहॅमच्या शाखेत वाट चुकलेल्या, समाजानं टाकलेल्या बायकांना जवळ घेतलेलं पाहून त्या थक्क झाल्या. अशा बायकांना दूर लोटायचं एवढंच त्यांनी आजवर बघितलं होतं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथेच मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं. धर्म स्वीकारला म्हणजे डोकं गहाण टाकलं असं नाही. मठातल्या बायकांना वाटायचं, या विधवा बाईनं सांगू ते निमूट मानावं. रमाबाई मात्र बायबल स्वतः वाचून प्रश्न विचारायच्या. न पटलेली शिकवण पटली असं त्यांनी कधी म्हटलं नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल. जेवण शाकाहारीच. ज्यात अंडं आहे असा गोड पदार्थसुद्धा नको. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही, यावर बिशप लोकांनी हरकत घेतली. तेव्हाही आपल्याला जे गैर वाटत नाही ते दुसऱ्याच्या धाकानं सोडायला त्या तयार झाल्या नाहीत. विचार करा, परका देश, पदरात मूल, खायचं त्यांचंच अन्न. अशा वेळी मान डोलावणं किती सोपं होतं!

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगावी भाषणं दिली, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. विधवांच्या शाळेसाठी बोस्टनमध्ये मंडळ उभं राहिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या मुलींत गोदूबाई होत्या. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

आता खरी परीक्षा आली. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीचा जो धर्म तो तिनं पाळावा, असं ठरलेलं. रमाबाई स्वतः मात्र रोज प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारखी सुधारक माणसंही सल्लागार समितीतून बाहेर पडली. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या.

मैत्रिणींनो, इथे मी कुणा एकाच्या बाजूनं निकाल देत नाही. ज्यांनी विश्वासानं मुली पाठवल्या त्यांची भीती खोटी नव्हती. ज्या बाईवर मुली जीव टाकतात तिची प्रार्थना हीसुद्धा शिकवणच असते, असं कुणी म्हटलं तर ते साफ चुकीचं कसं म्हणायचं? पण रमाबाईंची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांनी दार लावून घेतलं असतं तर सदन वाचलं असतं, नावही वाचलं असतं. पण मनात एक आणि दाखवायचं दुसरं, हे त्यांना जमणारं नव्हतं. मुलींना बोलावणार नाही आणि आलेल्यांना हाकलणारही नाही, इथे त्या ठाम राहिल्या. त्याची किंमतही चुकती केली. ज्या पुण्यानं डोक्यावर घेतलं, त्याच पुण्यात त्या परक्या झाल्या.

पण रडत बसल्या नाहीत. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. लहानपणी उपाशी पायपीट केलेली ही बाई उठून मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आली. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या केडगावला त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं, याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात लिहून सरकारलाच धारेवर धरलं. राज्य करणारे आपल्याच धर्माचे आहेत म्हणून गप्प बसायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं!

१९०० च्या सुमारास मुक्तीत दीड हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, शिवण, छापखाना, सगळं बायकाच करायच्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. फुलहॅमला बघितलेलं ते दृश्य रमाबाई विसरल्या नव्हत्या.

शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका कामाला दिली. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामातला उजवा हात. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, रमाबाईंनी केडगावलाच डोळे मिटले. शेवटची मुद्रितं त्यांनी जाण्याआधी तपासून ठेवली होती असं सांगतात. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

आमच्या शेजारच्या मावशी म्हणायच्या की चर्चला जाणं सोपं असतं, चर्चमधून घरी आल्यावर ख्रिस्ती राहणं अवघड. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आता वाटतं, हे प्रत्येक धर्माला लागू आहे. देवळातून आल्यावर काय, हाच खरा सवाल. रमाबाईंना इंग्रजांनी हट्टी म्हटलं, आपल्यांनी घरभेदी म्हटलं. पण आत एक आणि बाहेर एक, असं वागणं त्यांच्याच्यानं झालं नाही. श्रद्धा म्हणजे बहुधा हेच असावं. कुणी बघत नसताना, नुकसान होत असतानाही, आपल्या शब्दाला जागणं.

तर त्या सहीचं सांगते. दुसऱ्या दिवशी रजिस्टर घेऊन अध्यक्षबाईंकडे गेले. म्हटलं, ताई, हा ठराव रद्द करू, बैठक परत घेऊ. त्यांचं तोंड जरा उतरलंच. दोघी-तिघी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. कर्जही पंधरा दिवस लांबलं, आणि जिला ते हवं होतं तिची अडचण झाली, याचं वाईट वाटतं. तिला मी माझ्याकडचे थोडे पैसे दिले. रमाबाईंच्या पासंगालाही हे पुरणार नाही, ठाऊक आहे मला. पण त्या रात्री झोप मात्र शांत लागली.