हिमाचे गणित मांडणारा रखवालदार

पांढरेशुभ्र हिम डोळ्यांना दिपवते, हा अनुभव सर्वांचाच. परंतु हे दिपवणेच पृथ्वीच्या हवामानाची दिशा बदलू शकते, हा विचार प्रथम सुसूत्रपणे मांडण्याचे श्रेय जाते ते जेम्स क्रॉल या स्कॉटिश संशोधकाकडे. विशेष म्हणजे तो मांडला तेव्हा क्रॉल कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ते ग्लासगोतील एका महाविद्यालयाचे रखवालदार होते.

२ जानेवारी १८२१ रोजी पर्थशायरमधील एका खेड्यात क्रॉल यांचा जन्म झाला. वडील दगडकाम करीत, जोडीला थोडी शेती. घरच्या गरिबीमुळे तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. वाचनाची ओढ मात्र सुटली नाही. गिरण्यांच्या यंत्रांचे सुतारकाम, चहाचे दुकान, मद्य न विकणारे हॉटेल, विम्याची एजन्सी असे अनेक उद्योग त्यांनी केले. कोपराच्या दुखण्याने अंगमेहनत थांबली आणि इतर व्यवसायांत यश आले नाही. अखेर १८५९ मध्ये अँडरसोनियन कॉलेजच्या वास्तूत रखवालदाराची नोकरी मिळाली. पगार तुटपुंजा, पण ग्रंथालय हाताशी आणि वेळ मुबलक. क्रॉल यांना आणखी काही नकोच होते.

हिमयुगे का आली, हा त्या काळी वादाचा विषय होता. पृथ्वीची कक्षा हजारो वर्षांत कमीअधिक लंबवर्तुळाकार होते, हे ठाऊक होते. मात्र त्यामुळे वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उष्णतेत पडणारा फरक नगण्य होता. एवढ्याशा कारणाचा एवढा मोठा परिणाम कसा व्हावा? १८६४ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगेझिन’मधील लेखापासून क्रॉल यांनी याचे उत्तर उलगडण्यास प्रारंभ केला. हिवाळा सूर्यापासून दूर असताना आला, तर तो अधिक थंड व दीर्घ होतो आणि हिम साचते. साचलेले हिम सूर्यकिरण परत अवकाशात पाठवते, त्यामुळे थंडी वाढते आणि आणखी हिम साचते. परिणामच पुन्हा कारण बनतो. वारे व सागरी प्रवाह यांतील बदलांनाही त्यांनी या साखळीत स्थान दिले.

या लेखनामुळे चार्ल्स डार्विन, चार्ल्स लायेल यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १८६७ मध्ये एडिंबरा येथे स्कॉटलंडच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात त्यांना पद मिळाले. प्रवेश परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. त्यांचे प्रकाशित संशोधनच पात्रता म्हणून ग्राह्य धरले गेले. १८७५ मध्ये ‘क्लायमेट अँड टाइम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. आजारपणामुळे १८८० मध्ये नोकरी सोडावी लागली, निवृत्तिवेतन अपुरे होते. शेवटचे हिमयुग सुमारे ८० हजार वर्षांपूर्वी संपले, हा त्यांचा हिशेबही भूवैज्ञानिक पुराव्यांशी जुळेना. १५ डिसेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा सिद्धांत मागे पडू लागला होता. पुढे सर्बियन शास्त्रज्ञ मिलुटिन मिलांकोविच यांनी हिवाळ्याच्या थंडीपेक्षा उत्तरेकडील सौम्य उन्हाळा निर्णायक ठरतो, असे दाखवून त्या गणिताला नवे रूप दिले. १९७६ मध्ये सागरतळाच्या गाळाच्या अभ्यासातून कक्षेतील बदल व हिमयुगे यांचा संबंध पक्का झाला.

क्रॉल यांचे काळाचे गणित चुकले. हिमाचे तत्त्व टिकले. ताजे हिम सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परतवते, तर खुला समुद्र जेमतेम ६ ते ७ टक्के. आज तीच साखळी उलट दिशेने फिरते आहे. समुद्रावरील बर्फ वितळला की खालचे गडद पाणी ऊन शोषते, तापते आणि आणखी बर्फ वितळवते. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकवरील बर्फाचे क्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घटले. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींत तोवरचा तो नीचांक होता. थंडी थंडीला वाढवते, हे ज्यांनी ओळखले, त्यांच्याच सूत्राने आता ऊब उबेला कशी वाढवते, हे समजून घ्यावे लागत आहे.