हाडांना बोलतं करणारी बाई : इरावती कर्वे

मैत्रिणींनो, तोरणमाळला गेला असाल तर मच्छिंद्रनाथांची गुंफा पाहिलीच असेल. गुंफा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. बाहेर घनदाट जंगल, आत शेकोटी आणि तिच्याभोवती बसलेली आदिमानवाची टोळी. माणसाच्या पूर्वजांची लाखो वर्षांपूर्वीची हाडं जगात बऱ्याच ठिकाणी गुहांमध्येच सापडली, हेही कुठंतरी वाचलेलं असतं. मग आपण सोपा हिशेब मांडतो. हाडं गुहेत सापडली, म्हणजे माणसं गुहेत राहत होती!

पण हा हिशेब दरवेळी बरोबर येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या चुनखडीच्या गुहांमध्ये आपल्या अतिप्राचीन पूर्वजांची हाडं सापडली, ती जनावरांच्या हाडांबरोबर, मोडलेल्या अवस्थेत. रेमंड डार्ट नावाच्या शास्त्रज्ञांनी त्यावरून मोठा सिद्धान्त मांडला. आपले पूर्वज हिंस्र होते, हाडं, दात आणि शिंगं हीच त्यांची हत्यारं होती आणि गुहेतला हा पसारा त्यांच्याच शिकारीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं सी. के. ब्रेन या शास्त्रज्ञांनी तिथल्या अशाच गुहांमधली हाडं चिकाटीनं तपासली. एका लहान मुलाच्या कवटीला मागच्या बाजूनं दोन भोकं होती. ती बिबट्याच्या सुळ्यांशी बरोबर जुळली! बिबट्या शिकार झाडावर ओढून नेतो. तिथल्या उघड्या माळावर झाडं वाढायची ती गुहेच्या तोंडाशी, ओलाव्याला. वर बिबट्यानं खायचं आणि उरलेली हाडं खाली बिळात पडायची. काही हाडं तरसांनी नेली, काही साळिंदरांनी कुरतडायला गोळा केली, काही पावसाच्या पाण्याबरोबर वाहून आत गेली. वर चुन्याचं पाणी ठिबकत राहिलं आणि सगळ्याचा दगड झाला. म्हणजे गुहेतलं ते लेकरू तिथं राहत नव्हतं. त्याला तिथं आणलं गेलं होतं.

उसाच्या फडात बिबट्याच्या धास्तीनं काम करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बिबट्या काय करतो ते त्यांना ठाऊक आहे.

तर हाड हाती आलं की आधी विचारायचं, हे इथं आलं कसं? कुणी आणलं? हाडं वाचण्याचं हे शास्त्र जवळपास शंभर वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी परदेशात जाऊन शिकली. पुढं तिनं मातीतून माणसांचे सांगाडेही काढले आणि आपल्या या खानदेशातल्या माणसांचा अभ्यासही केला. तिचं नाव इरावती कर्वे.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथं कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून लेकीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला धाडलं, हुजूरपागेच्या शाळेत. एवढीशी पोर, आईबाप समुद्रापलीकडे! पण नशिबानं तिला दुसरं घर मिळालं. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी ती लेकीसारखी वाढली. त्या घरात पुस्तकं होती, वाद होते आणि मुलींनी गप्प बसावं असा नियम नव्हता.

१९२६ मध्ये त्या तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. पुढं मुंबईत समाजशास्त्राचे मोठे अभ्यासक डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. केलं. लग्न झालं ते दिनकर धोंडो कर्व्यांशी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या मुलाशी.

आता गंमत पाहा. ज्या महर्षींनी विधवांसाठी, मुलींसाठी शाळा काढल्या, बायकांचं विद्यापीठ उभं केलं, त्यांनाच आपल्या सुनेनं शिकायला जर्मनीला जावं हे पटेना. घरातल्या मोठ्यांचा विरोध म्हणजे काय, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. पण नवरा पाठीशी उभा राहिला. दिनकरराव स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले होते, तिथलं शिक्षण काय असतं ते त्यांना माहीत होतं. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या. तेवीस वर्षंही पुरी झालेली नव्हती.

बर्लिनच्या कपाटातल्या कवट्या

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. नाव मोठं, दबदबा मोठा. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो माणसाच्या कवटीचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी नसते. फिशर यांना वाटत होतं, की गोऱ्या युरोपीय माणसात हा फरक जास्त असणार, कारण त्याच्या मेंदूचा पुढचा भाग एका बाजूला मोठा आणि म्हणून तो अधिक बुद्धिमान. थोडक्यात, गोरा माणूस श्रेष्ठ हे हाडांवरून सिद्ध करून हवं होतं.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या आणि एकेक करून मोजल्या. त्यांत युरोपीय लोकांच्या होत्या, तशाच आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. आता आपला मघाचा प्रश्न इथंही विचारा. ही आफ्रिकेची हाडं बर्लिनच्या कपाटात आली कशी? इथं बिबट्या नव्हता की पूर नव्हता. जिंकलेल्या मुलखातून साहेबांनी ती उचलून आणली होती. कुणाचा तरी बाप, कुणाची तरी आई नंबर टाकून फळीवर ठेवलेली! २०२३ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयानं अशाच काही कवट्यांचा डीएनए तपासला, तेव्हा त्यांच्या कुळातली माणसं टांझानियात आजही नांदत असल्याचं निघालं.

मोजमापं संपली. आकड्यांत काहीच तसं दिसत नव्हतं. कवटी कमीजास्त तिरपी असण्याचा वंशाशी संबंध नाही, असाच निष्कर्ष निघत होता. आता विचार करा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, घरी सासऱ्यांची नापसंती आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांचंच मत खोटं ठरतंय! एखाद्या आकड्याकडे काणाडोळा केला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण इरावतीबाईंनी जे दिसलं तेच लिहिलं. पदवी मिळाली, मात्र गुण देताना गुरुजींनी हात आखडला. पुढं काही वर्षांतच जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाच्या त्याच कल्पनेपायी लाखो माणसं मारली गेली आणि फिशर यांच्या संस्थेनं त्या विचाराला शास्त्राचा आधार पुरवला. तेव्हा त्या प्रबंधातल्या साध्या आकड्यांची किंमत कळते.

टेकाडाखालची माणसं

पुण्याला परतल्यावर इरावतीबाईंनी काही वर्षं महिला विद्यापीठाचं कार्यालयीन काम पाहिलं. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या. तिथं पुरातत्त्वाचे अभ्यासक डॉ. ह. धी. सांकलिया त्यांचे सहकारी होते. सांकलियांना गुजरातमध्ये मेहसाणा भागातल्या लांघणज गावी एका वाळूच्या टेकाडात गारगोटीची इवलीइवली हत्यारं सापडत होती. हत्यारं होती, पण ती घडवणारी माणसं मिळत नव्हती. १९४४ च्या मोहिमेत इरावतीबाई बरोबर गेल्या आणि वाळूखालून माणसांचे सांगाडे निघाले!

सांगाडे कसे होते? गुडघे पोटाशी मुडपलेले, अंग आखडून कुशीवर निजावं तसे. आता इथली हाडं कुणी आणली ते उघड होतं. जनावरानं टाकलेला सांगाडा असा नीट निजलेला नसतो. जवळच्या माणसांनी खड्डा खणून, हातपाय जुळवून आपलं माणूस ठेवलेलं होतं. घर नाही, शेती नाही, शिकारीवर जगणारे लोक. पण मेलेल्याची आठवण ठेवणारे. मोडक्या हाडांच्या पसाऱ्यात आणि पुरलेल्या माणसात जो फरक आहे, तो वाचायला डोळा लागतो. इरावतीबाई आणि सांकलिया यांनी मिळून या लोकांवर लिहिलं आणि ते जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचलं.

आपल्याकडे गुहांमध्ये अशी हाडं का सापडत नाहीत, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्या पायाखालीच आहे. आपला सातपुडा, सह्याद्री बहुतेक काळ्या पाषाणाचा, लाव्हारसाच्या थरांचा. चुनखडी पाण्यात विरघळते म्हणून तिच्यात खोल गुहा पडतात आणि चुना हाडांना जपतो. काळ्या पाषाणात तसं होत नाही. अजिंठ्याची लेणी तर माणसानं छिन्नीनं कोरलेली. म्हणून आपल्याकडची हाडं शोधायची ती नदीच्या गाळात नाहीतर जुन्या वस्तीच्या जमिनीखाली. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी नर्मदा घ्या. वर मध्य प्रदेशात, होशंगाबादजवळच्या हथनोरा इथं १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना याच नर्मदेच्या काठच्या गाळात अतिप्राचीन मानवी कवटी सापडली. ती बाईची असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. तिला गुहेनं नाही, नदीच्या गाळानं जपलं. आणि नेवासे, इनामगाव इथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत लहान मुलांची हाडं मिळाली ती दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेली. गेलेलं लेकरू कुण्या आईनं घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

हाडांकडून माणसांकडे

इरावतीबाई कवट्यांपाशी थांबल्या नाहीत. टेप आणि वही घेऊन त्या देशभर हिंडल्या. एस.टी., बैलगाडी, ट्रक, जे मिळेल त्यानं. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतलं जातं. कुंकू आणि मंगळसूत्र त्या वापरत नसत. घरात नवरा त्यांना इरू म्हणे आणि मुलंही आईबापांना नावानंच हाक मारत. त्या काळी लोक काय बोलत असतील, कल्पना करा!

जाती-जमातींची शरीरमापं घेणं त्यांनी बरीच वर्षं चालू ठेवलं. ती पद्धत आता मागे पडली आहे आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर टीकाही केली आहे. पण त्याच हिंडण्यातून भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये आला. मामाची मुलगी कुठं चालते, कुठं चालत नाही, सासरी गेलेल्या मुलीचं माहेर कुठं जवळ राहतं, कुठं तुटतं, हे आपल्या ओट्यावरच्या गप्पांचे विषय त्यांनी शास्त्रात नेले.

तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडच्या भिल्लांची सामाजिक आणि आर्थिक पाहणी त्यांनी केली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. भिल्ल म्हणजे जुन्या काळातून उरलेली कुणी विचित्र माणसं, असं शहरातल्या लोकांना वाटण्याचा तो काळ. त्या काळात इथल्या माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यांनी अभ्यासाला घेतला, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

आयुष्याच्या अखेरीला त्यांनी हातात घेतला तो कोयना धरणानं उठवलेल्या माणसांचा प्रश्न. लेक जाई निंबकर यांच्याबरोबर केलेली ती पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. गाव सोडून गेलेल्यांचं पुढं काय झालं, हे त्यात तपासलं आहे. पुढं सरदार सरोवरामुळं आपल्या अक्राणी आणि अक्कलकुव्यातली ३३ गावं बाधित झाली. माणसं उठून तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आली, पूर्वजांच्या जागा मात्र पाण्याखाली राहिल्या. हजार वर्षांनी कुणी खोदलं तर त्यालाही विचारावं लागेल, ही माणसं इथं आली कशी, कुणी आणली?

मराठी वाचकांना मात्र इरावतीबाई माहीत आहेत त्या ‘युगान्त’मुळं. १९६८ मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या गांधारी, कुंती, द्रौपदी त्यांनी देवळातून खाली उतरवल्या आणि आपल्यासारख्या रागावणाऱ्या, चुकणाऱ्या बायका म्हणून पाहिल्या. तिथंही सवय तीच होती. सगळे सांगतात ते बाजूला ठेवायचं, समोर काय आहे ते पाहायचं.

११ ऑगस्ट १९७० रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्या गेल्या. धाकटी लेक गौरी देशपांडे पुढं मोठी लेखिका झाली.

मैत्रिणींनो, आता शाळेतून येऊन मुलानं विचारलं, आदिमानव गुहेत राहायचा ना? तर नुसतं हो म्हणून स्वयंपाकाला लागू नका. त्याला बिबट्याची गोष्ट सांगा, साळिंदराची सांगा, लांघणजच्या टेकाडाखाली निजवलेल्या माणसांची सांगा. आणि बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजून खरं तेच लिहिणाऱ्या मराठी मुलीचीही सांगा.