हॅरी फर्ग्युसन

ट्रॅक्टरचा चालक एक लहानसा दांडा ओढतो आणि मागचा अवजड नांगर अलगद वर उचलला जातो, हे दृश्य आपण पुष्कळदा पाहतो. ही सोय शेतकऱ्याला मिळवून देणारे हॅरी फर्ग्युसन हे स्वतः एका शेतकऱ्याचे पुत्र होते.

उत्तर आयर्लंडमधील डाउन परगण्यात ४ नोव्हेंबर १८८४ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा विलक्षण नाद होता. १९०२ साली ते बेलफास्ट येथे आपल्या भावाच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करू लागले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेल्या विमानातून उड्डाण केले. आयर्लंडमध्ये विमान उडविणारे ते पहिलेच गृहस्थ होत.

पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई पडली. तेव्हा १९१७ साली शेतीखात्याने ट्रॅक्टरांचे काम सुधारण्याची कामगिरी फर्ग्युसन यांच्यावर सोपविली. शेतोशेती हिंडताना एक भयंकर गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढीत नेत. फाळ एखाद्या दगडाला अडला, की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो उलटून चालकाच्या अंगावर कोसळे. कित्येकांना यात प्राण गमवावे लागले. यावर उपाय म्हणून ट्रॅक्टर अधिक जड करावा, तर त्याच्या भाराने जमीन दडपली जाई.

फर्ग्युसन यांनी निराळा मार्ग शोधला. ट्रॅक्टर आणि नांगर मिळून एकच यंत्र झाले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांनी त्यांनी नांगर ट्रॅक्टरला जोडला. नांगर अडला, तरी वरच्या दांड्यातून येणारा दाब ट्रॅक्टरचे तोंड खाली धरून ठेवू लागला. नांगराची उचल तेलाच्या दाबाने होऊ लागली. आता हलका ट्रॅक्टरही जड काम निर्धोकपणे करू शके. ही योजना पूर्णत्वास नेऊन असा ट्रॅक्टर १९३६ साली बाजारात येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षे लोटली; परंतु त्यांनी चिकाटी सोडली नाही.

१९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे त्यांचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर निघाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेही चाकांवर पट्टे चढविलेल्या याच ट्रॅक्टरांवरून!

२५ ऑक्टोबर १९६० रोजी फर्ग्युसन यांचे निधन झाले. त्यांची तीन दांड्यांची जोडणी आज जगभरच्या ट्रॅक्टरांवर दिसते. त्यांचे काही जुने करडे ट्रॅक्टर तर अजूनही शेतांत गवत गोळा करतात, गाड्या ओढतात. शेतकऱ्याचे कष्ट आणि त्याच्या जिवाचा धोका ज्याने कमी केला, त्याचे याहून उचित स्मारक कोणते असणार?