राजा भोज : पाण्याला वाट ठेवणारा राजा

भोपाळचा मोठा तलाव १६६६.८० फुटांच्या पातळीला लागला की भदभदा धरणाचे ११ दरवाजे उघडायची तयारी सुरू होते. तलावाच्या दक्षिण अंगाला भदभदा रस्ता, नेहरूनगर, कोटरा सुल्तानाबाद या वस्त्या आहेत. दरवाजांतून सुटलेलं पाणी कलियासोत नदीत जातं आणि पुढे भोजपूरजवळ बेतवेला मिळतं. ही वाट जुनी आहे, हजार वर्षांची. परंपरेने तिचं श्रेय ज्याला दिलं जातं, त्याची जयंती गोंदिया, भंडारा, बालाघाट आणि शिवनीतला पोवार समाज दर वसंत पंचमीला साजरी करतो. तो म्हणजे धारचा राजा भोज.

भोज परमार घराण्यातला, सिंधुराजाचा मुलगा. त्याचा चुलता वाक्पती मुंज मोठा पराक्रमी होता, पण गोदावरी ओलांडून चालुक्य तैलपाच्या मुलखात शिरला, कैद झाला आणि मारला गेला. भोजाच्या वाट्याला आलेल्या राज्याला दक्षिणेचं हे वैर आधीच चिकटलेलं होतं. साधारण १०१० साली तो गादीवर आला आणि १०५५ च्या सुमारास वारला. म्हणजे जवळपास ४५ वर्षं राज्य केलं. राजधानी होती धार.

आपल्या महाराष्ट्राशी त्याचा संबंध नुसता गोष्टीतला नाही. १०२० सालच्या त्याच्या ताम्रपटात कोकण जिंकल्याचा उल्लेख आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कळवणला मिळालेल्या ताम्रपटात त्याच्या एका सामंताने दिलेल्या दानाची नोंद आहे. पण लढाया काही सगळ्याच जिंकल्या नाहीत. चालुक्य सोमेश्वराने थेट धार लुटली. तरीही हा राजा पुन्हा उभा राहिला. राजा भोज आणि गंगू तेली ही म्हण सगळ्यांना माहीत आहे. त्यातले गंगू आणि तेली म्हणजे त्याचे शत्रू गांगेयदेव आणि तैलंग राजा, असाही एक अर्थ लावतात.

लोकांच्या आठवणीत मात्र तो राहिला विद्येमुळे. काव्यशास्त्र, व्याकरण, योग अशा कितीतरी विषयांवरचे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्यातला समरांगणसूत्रधार हा नगररचना, घरं, मंदिरं आणि यंत्रं यांच्याबद्दलचा. ज्याच्या नावावर असा ग्रंथ आहे, त्या राजाच्या काळातलं प्रत्यक्ष बांधकाम कसं होतं, हे पाहायचं तर भोजपूरला जावं लागतं.

भोजपूरचं बांधकाम

भोपाळपासून साधारण तासाभराच्या वाटेवर बेतवेच्या काठी हे गाव आहे. इथलं शिवमंदिर अर्धवट राहिलं. दगड वर चढवायला घातलेला मातीचा उतार अजून दिसतो, आजूबाजूच्या खडकांवर मंदिराचे नकाशे कोरलेले आहेत. कामाच्या जागी आराखडा डोळ्यांसमोर ठेवण्याची ही पद्धत होती.

मंदिराजवळच जुन्या बांधाचे अवशेष आहेत. टेकड्यांच्या रांगेत दोन खिंडी होत्या, एक शंभर यार्डांहून थोडी जास्त रुंद, दुसरी सुमारे पाचशे यार्ड. दोन्ही बुजवून नदी अडवली. मध्ये मातीचा भराव आणि दोन्ही अंगांना चुन्याशिवाय बसवलेले प्रचंड दगड. छोट्या खिंडीतला बांध ८७ फूट उंच आणि तळाशी ३०० फूट जाड होता. मागे जे सरोवर तयार झालं त्याचा विस्तार अडीचशे चौरस मैल असावा, असा अंदाज किनकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली मांडला. आजचं औद्योगिक शहर मंडीदीप हे त्या सरोवरातलं बेट, म्हणजे द्वीप होतं आणि नावही त्यावरूनच पडलं, असं मानतात.

पण खरी हुशारी बांधाच्या उंचीत नाही, सांडव्यात आहे. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध संपलाच. म्हणून जादा पाण्याची वाट बांधापासून दोन-तीन मैल दूर, सलग खडक फोडून काढली होती. पाणी कितीही आलं तरी ते कुठून जाणार हे आधी ठरलेलं होतं.

या सरोवराला पाणी कमी पडत होतं तेव्हा कालिया नावाच्या गोंड प्रमुखाने आणखी एक प्रवाह दाखवला आणि त्यावरून नदीचं नाव कलियासोत पडलं, अशी आख्यायिका आहे. भोपाळच्या तलावाचा बांधही कोलांस नदीचं पाणी या बाजूला वळवण्यासाठीच घातला, असं बरेच अभ्यासक मानतात. भोपाळ हे नाव भोजपाल, म्हणजे भोजाची पाळ, यावरून आलं असंही म्हणतात. ते पटो न पटो, तलावाच्या बांधाला आपल्याकडे आजही पाळच म्हणतात.

बांध फुटल्यावर

भोजाचा शेवट दुःखाचा झाला. गुजरातचा भीम आणि चेदीचा कर्ण एकत्र येऊन चालून आले आणि त्याच सुमारास राजा आजारपणात गेला. सरोवर मात्र त्याच्यामागे जवळपास चारशे वर्षं टिकलं. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने छोटा बांध फोडला. सैन्याला तीन महिने लागले, सरोवर रिकामं व्हायला तीन वर्षं आणि जमीन राहण्याजोगी व्हायला तीस वर्षं गेली, असं स्थानिक लोक सांगत आले. एवढं पाणी गेल्याने माळव्याचं हवामानच बदललं, हेही त्यांचंच सांगणं. त्याचं मोजमाप कुणाकडे नाही. पण जमिनीवरचं पाणी हलवलं की हवा हलते, ही समज इथल्या लोकांना होती.

आज हवामान बदलाच्या चर्चेत थोड्या दिवसांत जास्त पाऊस पडतो, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण पाऊस पडल्यावर पाणी जातं कुठून, हा प्रश्न त्यामागे लपता कामा नये. ऑगस्ट २००६ मध्ये भोपाळ पाण्यात बुडालं, तेव्हा नाल्यांवरच्या अतिक्रमणांची चर्चा झाली होती. २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कलियासोतच्या दोन्ही काठांना ३३ मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तलावाकाठची भदभदा वस्ती पाडली गेली. तलाव वाचायलाच हवा, पण किंमत आधी गरिबांनीच का मोजायची, हा वादही तिथेच उभा राहिला.

आपल्याकडेही वेगळं नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले आणि वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली झोडपले गेले. सूचना वेळेत मिळाली का, यावर दोन राज्यांत बोलणी झाली, आरोपही झाले. नदीला मात्र राज्याची हद्द कळत नाही.

पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, आपले मामा तलाव, साडेसहा हजारांहून जास्त आहेत. कोहळी समाजाने घडवलेल्या या तलावांनाही पाळ आणि सांडवा दोन्ही होते. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि कित्येक ठिकाणी गाळ साचला, सांडव्याच्या वाटेवर शेत किंवा घर आलं. सरकारच्या योजनांत गाळ काढण्याचा हिशेब असतो. सांडव्याची वाट मोकळी आहे का, ही नोंदही त्यात यायला हवी.

भोपाळच्या तलावाला २०११ साली भोजताल हे नाव मिळालं, तलावात राजाचा पुतळाही उभा राहिला. गोंदिया-बालाघाटच्या गावागावांत जयंतीच्या मिरवणुका निघतात, त्या निघाव्यातच. पण वसंत पंचमीनंतर पावसाळ्याला चारेक महिने हातात असतात. गावच्या तलावाचा सांडवा तेवढ्यात साफ झाला, तर त्या राजाची आठवण पुराच्या दिवशीही कामाला येईल.