सर विल्यम जोन्स : नियमांविना उभी राहिलेली विद्यासभा

कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातील ग्रँड ज्यूरीच्या दालनात १५ जानेवारी १७८४ रोजी तीस युरोपीय गृहस्थ एकत्र जमले. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी होते, लष्करातले होते आणि न्यायालयातील मंडळीही होती. अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती सर रॉबर्ट चेंबर्स होते. पण सभेचा खरा कर्ता त्यांचा नवा सहकारी होता. इंग्लंडहून येऊन त्याला अद्याप चार महिनेही झाले नव्हते. आशिया खंडातील भाषा, इतिहास, कायदे, कला आणि निसर्ग यांचा पद्धतशीर अभ्यास करणारी एक विद्यासभा स्थापन करावी, असा त्याचा प्रस्ताव होता. जमलेल्यांनी तो स्वीकारला आणि एशियाटिक सोसायटीचा जन्म झाला. हा नवा न्यायाधीश म्हणजे सर विल्यम जोन्स.

संस्था म्हटली की घटना, नियमावली, वर्गणी आणि सभासदत्वाच्या अटी आल्याच. त्यातून ती एका कायदेपंडिताने काढलेली! जोन्स यांनी मात्र स्थापनेच्या भाषणात उलटीच सूचना केली. तूर्त एकच नियम असावा आणि तो म्हणजे कोणताही नियम नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. बाल्यावस्थेतील संस्थेवर बंधने, खर्च आणि औपचारिकता यांचे ओझे नको. दर आठवड्याला सायंकाळी एकत्र यावे, निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा करावी आणि पुरेसे साहित्य जमले की वर्षाअखेरीस ते ग्रंथरूपाने जगापुढे ठेवावे, एवढाच त्यांचा आराखडा होता. सभासदत्वाविषयी त्यांचा आग्रह एकाच गोष्टीचा होता. ज्याने स्वतःहून इच्छा व्यक्त केली नाही, अशा कोणालाही सभासद करून घेऊ नये. इच्छा असेल, तर ज्ञानाची आवड आणि ते वाढवण्याची तळमळ यापलीकडे कोणतीही पात्रता मागू नये.

याच भाषणात आणखी एक प्रश्न त्यांनी ओझरता मांडला. एतद्देशीय विद्वानांना सभासद करून घ्यावे की नाही, हे सभेने पुढे यथावकाश ठरवावे, असे सांगून त्यांनी तो विषय मिटवला. एवढ्या उदार सभेने हा एक निर्णय तेवढा उद्यावर ढकलला. तो उद्या उजाडायला पंचेचाळीस वर्षे लागली.

विल्यम जोन्स यांचा जन्म २८ सप्टेंबर १७४६ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव विल्यमच, मूळचे वेल्समधील नामवंत गणिती. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी पाय हे ग्रीक अक्षर प्रथम त्यांनीच १७०६ मध्ये योजले. मुलगा तीन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हाच ते निवर्तले. पुढचे संगोपन आईने केले. मुलाने काही विचारले की उत्तर देण्याऐवजी ती त्याला पुस्तकाकडे वळवीत असे. हॅरोच्या शाळेत ग्रीक आणि लॅटिनमध्ये प्रावीण्य मिळवून जोन्स १७६४ मध्ये ऑक्सफर्डला गेले. तेथे अरबी शिकण्यासाठी त्यांनी अलेप्पोच्या एका मिर्झाला स्वखर्चाने आणून ठेवले. घरची सुबत्ता नव्हती. म्हणून अर्ल स्पेन्सर यांच्या मुलाची शिकवणी पत्करली.

नादिरशहाच्या फारसी चरित्राचा फ्रेंच अनुवाद त्यांनी डेन्मार्कच्या राजासाठी केला. तो १७७० मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १७७१ मध्ये त्यांचे फारसी व्याकरण आले आणि पंचविशीतल्या या तरुणाचे नाव युरोपभर झाले. १७७२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि पुढच्याच वर्षी डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांच्या प्रसिद्ध क्लबात त्यांना प्रवेश मिळाला. विद्वानांच्या मंडळात आत घेतले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना तरुणपणीच आला होता. पण विद्येवर पोट भरत नव्हते. त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १७७४ मध्ये वकिलीची सनद घेतली. अमेरिकी वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी त्यांना उघड सहानुभूती होती आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. या मतांमुळे कलकत्त्याच्या न्यायाधीशपदाची त्यांची नेमणूक रखडली. अखेर मार्च १७८३ मध्ये ती झाली, सर हा किताब मिळाला आणि एप्रिलमध्ये ॲना मारिया शिप्ली यांच्याशी विवाह करून त्यांनी पत्नीसह भारताकडे प्रयाण केले. भारतात काय काय अभ्यासायचे, याची सोळा विषयांची यादी त्यांनी प्रवासातच तयार केली होती. त्या यादीत हिंदू आणि मुसलमानांचे कायदे पहिल्या क्रमांकावर होते.

कलकत्त्यात त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो न्यायालयात. हिंदूंचे वारसा, विवाह यांसारखे दावे त्यांच्या शास्त्रानुसार निकालात काढायचे, असे कंपनी सरकारचे धोरण होते. शास्त्रार्थ सांगायला पंडित असत आणि इंग्रज न्यायाधीशाला त्यांच्या शब्दावर विसंबावे लागे. जोन्स यांना हे रुचले नाही. पंडितांच्या सचोटीविषयी त्यांच्या मनात संशय होता, हे त्यांचा गौरव करतानाही विसरता येत नाही. संस्कृतचा अभ्यास त्यांनी १७८५ मध्ये सुरू केला, तो केवळ काव्यानंदासाठी नव्हता. न्यायासनावरील अधिकाऱ्याला पंडितांचे अवलंबित्व नकोसे झाले होते, हेही त्याचे एक कारण होते.

पण येथे त्यांना दुसऱ्याच एका विद्यासभेचे दार ठोठवावे लागले. ही सभा कोणत्याही कागदावर नोंदलेली नव्हती, तरी तिचे नियम कडक होते. संस्कृत विद्या कोणाला द्यावी आणि कोणाला नाही, हे परंपरेने ठरले होते. परधर्मीय परदेशी माणसाला शिकवायला ब्राह्मण पंडित राजी होईनात. शेवटी नदिया येथील रामलोचन नावाचे वैद्य जातीचे विद्वान शिकवण्यास तयार झाले. ते स्वतः ब्राह्मण नव्हते; पण ब्राह्मण विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवीत असत. जोन्स यांनी त्यांच्यापाशी बसून धडे गिरवले. ज्याच्या सभेत भारतीयांना जागा नव्हती, तो सभाध्यक्ष एका भारतीय गुरूचा शिष्य झाला होता.

त्या अभ्यासाचे फळ लवकरच दिसले. सभेच्या तिसऱ्या वार्षिक व्याख्यानात, २ फेब्रुवारी १७८६ रोजी, जोन्स यांनी एक सिद्धान्त मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचे धातू आणि व्याकरणाची रूपे यांत जे साम्य आहे, ते योगायोगाने आलेले असू शकत नाही. या तिन्ही भाषा एखाद्या समान मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आज अस्तित्वातही नसेल. गॉथिक, केल्टिक आणि प्राचीन फारसी यांनाही त्यांनी याच कुळात बसवले.

हे साम्य पाहणारे ते पहिले नव्हते. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून १५८३ मध्ये भावाला पाठवलेल्या पत्रात भारतीय भाषांच्या ग्रीक-लॅटिनशी असलेल्या साधर्म्याची नोंद केली होती. अठराव्या शतकात फ्रेंच मिशनरी केर्दू यांनीही पॅरिसच्या विद्वानांना तसे कळवले होते. पण ती पत्रे कागदपत्रांतच पडून राहिली. जोन्स यांचा विचार मात्र सभेत वाचला गेला, छापला गेला आणि युरोपभर पोहोचला. 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ चा. विद्वानांची सभा, तिचे नियमित अधिवेशन आणि तिचे छापील कार्यवृत्त यांचे महत्त्व ते हेच. जोन्स यांच्या वर्गीकरणात चुकाही होत्या. चिनी आणि जपानी लोकांनाही त्यांनी हिंदूंच्याच वंशात गणले होते. शास्त्राची काटेकोर पायाभरणी १८१६ मध्ये जर्मन पंडित फ्रान्झ बॉप यांनी केली. तरी तौलनिक भाषाशास्त्राचा आरंभ सांगताना आजही १७८६ हेच वर्ष सांगितले जाते.

या ग्रंथमालेचे पहिले खंड उघडले की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. पहिल्या खंडात काशीचे न्यायाधीश अली इब्राहिम खान यांचा हिंदूंच्या दिव्यपद्धतीवरील लेख आहे. संस्कृत वाङ्मयावरील लेख गोवर्धन कौल यांच्याकडून आलेला आहे. दिल्लीच्या स्तंभावरील लेखाचा अर्थ पंडित राधाकांत शर्मा यांनी लावलेला आहे. या सगळ्यांची नावे सन्मानाने छापली गेली. मात्र त्यांच्यापैकी एकही सभासद नव्हता. त्यांचे लेखन सभेत वाचले जाई, पण त्यांना सभेत बसता येत नसे. ज्ञानाची आवड एवढीच पात्रता मागणाऱ्या सभेकडे या विसंगतीचे उत्तर नव्हते, आणि जोन्स यांनी ते हयातीत शोधलेही नाही.

पुढील काही वर्षांत त्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून गेओर्ग फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये जर्मन अनुवाद केला आणि तो वाचून महाकवी गटे भारावून गेला. 'ऋतुसंहार' त्यांनी १७९२ मध्ये छापवून घेतले. छापलेला हा पहिला संस्कृत ग्रंथ मानला जातो आणि त्याची लिपी बंगाली होती. ग्रीक लेखकांचा सँड्रोकोटस म्हणजेच चंद्रगुप्त मौर्य, ही त्यांची ओळख १७९३ च्या व्याख्यानातली. पालिबोथ्रा म्हणजे पाटलिपुत्र हे ठरत असले, तरी ग्रीकांनी सांगितलेल्या नदीच्या नावाने घोटाळा होता. शोण नदीचे हिरण्यबाहू हे जुने नाव हाती येताच कोडे सुटले आणि प्राचीन भारताच्या कालगणनेला पहिला भक्कम खुंटा मिळाला.

दिवसा न्यायालय आणि उरलेल्या वेळात विद्या, असा त्यांचा क्रम होता. आपल्याला कोणत्या भाषा येतात याची त्यांनी स्वतःच यादी केली होती. तीत अठ्ठावीस नावे होती. मात्र बारकाईने अभ्यासलेल्या केवळ आठ, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले होते. मनुस्मृतीचे त्यांचे भाषांतर १७९४ मध्ये आले. हिंदू कायद्याच्या मोठ्या संग्रहाचे काम त्यांनी जगन्नाथ तर्कपंचानन या वृद्ध पंडितांच्या हाती सोपवले होते. आरंभी पंडितांविषयी वाटणारा संशय येथे बराच मावळलेला दिसतो. या कामाचे परिणाम सगळेच चांगले झाले नाहीत. ठिकठिकाणच्या रूढींनी वाकणारा, बदलणारा हिंदू व्यवहार जुन्या ग्रंथांच्या चौकटीत अडकला, अशी टीका नंतरच्या अभ्यासकांनी केली आणि ती निराधार नाही.

हवामान मानवेना म्हणून पत्नी १७९३ अखेरीस इंग्लंडला परतली. संग्रह पुरा करून आपणही मागोमाग निघावे, असा जोन्स यांचा विचार होता. तो सिद्धीस गेला नाही. यकृताच्या विकाराने २७ एप्रिल १७९४ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे सत्तेचाळीस. पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत त्यांच्या कबरीवर उंच सुळका उभा आहे. अपुऱ्या राहिलेल्या संग्रहाचे भाषांतर हेन्री कोलब्रुक यांनी पूर्ण केले.

जोन्स गेल्यावर सभेत हळूहळू नियम आले, वर्गणी आली आणि १८०८ मध्ये स्वतःची वास्तूही आली. राहून गेलेल्या प्रश्नाचा निकाल मात्र १८२९ मध्ये लागला. सचिव होरेस हेमन विल्सन यांच्या पुढाकाराने द्वारकानाथ टागोर, प्रसन्नकुमार टागोर, रामकमल सेन आदी भारतीय सभासद झाले. राजेंद्रलाल मित्र यांच्या रूपाने पहिला भारतीय अध्यक्ष मिळायला १८८५ उजाडले.

मुंबईतही हीच कथा थोड्याफार फरकाने घडली. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये येथे लिटररी सोसायटी स्थापन केली. तिचीच पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. टाऊन हॉलच्या उंच पायऱ्या चढून सभासद म्हणून आत जाण्याचा मान १८४० मध्ये प्रथम माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मिळाला. त्यानंतर डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांनी शिलालेख आणि नाणी यांच्या संशोधनाने ही सभा गाजवली. आणि १८९२ मध्ये तिच्या अध्यक्षपदी प्रथमच एक भारतीय बसला. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते, धर्मशास्त्राचे जाणकार होते आणि भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकारही होते. न्यायासन आणि संस्कृत विद्या यांचा जो संगम जोन्स यांच्यात झाला होता, तोच त्यांच्यातही होता. दोघांनाही आयुष्य थोडेच लाभले. तेलंग १८९३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. सभासदत्वासाठी जोन्स यांनी सांगितलेली ज्ञानाची आवड ही पात्रता मुळात पुरेशी होती. तिचा अर्थ सर्वांसाठी सारखाच लावायला तेवढे एक शतक जावे लागले.